वाचनदोष

आईच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच झाले आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर वाचायला बंदी केली. सत्यभामाबाईंना टीव्हीचे वेड नव्हते. वाचन मात्र रोज लागे. त्यामुळे तिसऱ्याच दिवशी काळा चष्मा लावून बसलेल्या त्या माउलीने लेकीला फर्मावले, "रुची, मले काही वाचून दाखव बापा. नुसतं बसून बसून डोक्शाले मुंग्या येऊन राहिल्या."

रुचिता मेश्राम पवनीच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. शनिवारची दुपार मोकळी होती. ती कपाटापाशी गेली आणि आईला कळेल, आवडेल असे काय आहे ते शोधू लागली. खालच्या कप्प्यात एक बारीकसे पुस्तक होते. 'पाणी सोडणारा'. लेखक मा. गो. सेलोकर, आसगाव. एकशे बारा पाने, स्वतःच छापलेले. गावच्या तलावाचे पाणी शेतोशेती पाळीने सोडणाऱ्या माणसाची, म्हणजे पाणकराची, गोष्ट. पाच वर्षांपूर्वी तिने ते वाचले होते आणि आपल्या ब्लॉगवर त्याच्याविषयी लिहिलेही होते.

त्या ब्लॉगचे नाव 'शिसपेन्सिल'. सहा वर्षे तिने तो नेमाने चालवला. दर आठवड्याला दोन पुस्तके, दोन लेख. लेखाच्या शेवटी 'मुद्रणदोष' असे एक सदर असे. पान, ओळ, चुकीचा शब्द, बरोबर शब्द. प्रयोगवहीत निरीक्षणे मांडावीत तसे. वाचकांना ते सदर फार आवडे, आणि खरे सांगायचे तर तिलाही. हातात पेन्सिल घेऊन ती तासाला साठ पाने वाची. एखादी चूक सापडली की पुस्तक नीट वाचल्याचे समाधान मिळे.

मग एका डिसेंबरात तिने वर्षाची मोजदाद केली. एकशे चार पुस्तके. तिला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला की तपासून पाहायचे अशी तिची सवय होती. तिने एकशे चार चिठ्ठ्या केल्या, त्यातल्या दहा डोळे मिटून उचलल्या आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल जे आठवेल ते पुस्तक न उघडता लिहून काढायला बसली. दोन पुस्तकांबद्दल पानभर लिहिता आले. तीन पुस्तकांची मुखपृष्ठे आठवली. उरलेल्या पाचांबद्दल काहीच आठवेना; त्यातले एक तर आपण वाचले आहे, हेच तिला पटेना. त्या दिवसापासून 'शिसपेन्सिल'वर काही उमटले नाही. तिने कोणाला कारण सांगितले नाही. कोणी फारसे विचारलेही नाही.

तेव्हापासून ती एका वेळी एकच पुस्तक वाची. सावकाश, पेन्सिलीशिवाय. पण लिहायचे म्हटले की त्या चिठ्ठ्या आठवत.

खुर्ची आईजवळ ओढून तिने पुस्तक उघडले. जुन्या खुणा तशाच होत्या. खोडलेला शब्द, वर तिच्या बारीक अक्षरात दुरुस्ती. वाचताना ती आपोआप दुरुस्त शब्दच उच्चारत होती.

सत्यभामाबाईंना ऐकायची सवय होती. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन होई आणि त्या कधी चुकवत नसत. हात मांडीवर ठेवून, मान किंचित कलती करून त्या ऐकत. वाचणाऱ्याने ओळ गाळली तर तिथेच टोकत.

रुचिताने वाचले, "पोरे दुपारी होडीत उतरली आणि अंधार पडेस्तोवर निघाली नाहीत."

"कशात उतरली?"

"होडीत."

"बरं," आई म्हणाली. तिला काही पटलेले दिसले नाही, पण तिने पुढे वाचायची खूण केली.

पंधरावीस पाने झाली. पाणकर बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या बंदिस्त वाफ्यांच्या, बांधावरून चालला आहे, पीक निघाले आहे, यंदा तलावात पाणी किती उरले याचा तो मनाशी हिशेब लावतो आहे. रुचिताने वाचले, "दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये कपडे वाळत होते."

सत्यभामाबाई हसायला लागल्या. डोळ्यावर ताण नको म्हणून डॉक्टरांनी खोकायलाही मनाई केली होती, आणि ही बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"आई, डोळा सांभाळ! काय झालं?"

"अवो, बांधीत कपडे काहून वाळू घालतीन लोकं? घरी दोरी नव्हती का त्यायच्या? आन् ते बी दोन्हीकडून! साऱ्या गावानं का उघडंच राहाचं?"

"इथं तसंच लिहिलंय."

"तसं नसन. पाह्य बरं नीट. कडपा असन तिथं."

रुचिताने पानाकडे पाहिले. छापील शब्द तिच्या पेन्सिलीच्या रेघेखालून स्वच्छ दिसत होता. कडपा वाळत होत्या. तिने 'कडपा' खोडून 'कपडे' केले होते, आणि व्याकरण जुळावे म्हणून पुढचे 'होत्या' हेही 'होते' केले होते.

कडपा. कापून बांधीत पसरून ठेवलेल्या धानाच्या मुठी. हा शब्द तिला ठाऊक नव्हता असे नाही. नोव्हेंबरात आभाळ आले की घरोघर एकच काळजी असे, कडपा भिजतील. लहानपणी आजोळी ती स्वतः कडपांवरून उड्या मारून ओरडा खाऊन आली होती. हा शब्द तिने हजारदा ऐकला होता. पण छापलेला कधीच पाहिला नव्हता. छापील पानावर तो समोर आला, तेव्हा तिने त्याला ओळखच दिली नाही. घरच्या माणसाला परक्या शहरात पाहून आपण 'कोणीतरी त्याच्यासारखा दिसतो' म्हणावे आणि पुढे जावे, तसे.

तिने मागची पाने उलटली. 'होडी'खाली 'बोडी' होती. बोडी म्हणजे शेतातले लहान तळे. पोरे त्यातच उतरणार. पुढे 'खळ्यावर पुंजणे उभे राहिले' यातल्या पुंजण्यांचे, म्हणजे रचलेल्या धानाच्या ढिगांचे, तिने 'पुंजके' करून टाकले होते. एकूण नऊ मुद्रणदोष दाखवले होते. त्यातले सहा खरे होते. तीन हे असे.

"चूप काहून बसली? वाच न."

"आई, मी चुकले होते," ती म्हणाली.

"मंग आता बरोबर वाच."

तिने बरोबर वाचले. आणि या खेपेला तिला पुस्तक दिसू लागले. पाणकर पाटाच्या वाहत्या पाण्यात हात घालतो आणि सांगतो, हे पाणी सरळ तलावातून येत नाही, वरच्या बांधीत थांबून आले आहे, कोमट आहे. तुराटीची काडी उभी धरून तो पाण्याची खोली बघतो आणि काडी कलते कशी यावरून वेग. मापाचे एकही यंत्र नाही, आणि तरी प्रत्येक निरीक्षण पुन्हा करून पाहता येईल असे. रुचिताने आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितले होते की पाहिलेले आणि वाटलेले वेगळे लिहा. या माणसाने ते कोणी न सांगता केले होते. पाच वर्षांपूर्वी तिने यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, 'निवेदन साधे आहे. मुद्रितशोधन अधिक काटेकोर हवे होते.'

संध्याकाळी तिने पाच वर्षांनी ब्लॉग उघडला. तो लेख दुरुस्त करायचा आणि बंद करायचा, एवढाच विचार होता. पासवर्ड तिसऱ्या प्रयत्नात लागला. मंजुरीसाठी थांबलेल्या प्रतिक्रिया बऱ्याच होत्या, बहुतेक जाहिरातींच्या. सगळ्यात वरची अकरा दिवसांपूर्वीची होती.

'आदरणीय मॅडम यांस सादर नमस्कार. आपण माझ्या पुस्तकाचे परीक्षण केले होते. ते आजवरचे एकमेव परीक्षण आहे. कळविण्यास आनंद होतो की दुसरी आवृत्ती निघत आहे. आपण दाखविलेल्या नऊही चुका दुरुस्त केल्या आहेत. आपली पद्धत समजून घेऊन त्याच प्रकारच्या आणखी सत्तेचाळीस चुका मी स्वतः शोधल्या व त्याही काढून टाकल्या. आपल्यामुळे पुस्तक शुद्ध झाले. पवनी येथे छपाईस दिले आहे. आपला, मा. गो. सेलोकर, निवृत्त शाखा डाकपाल, आसगाव.'

रुचिताने ते दोनदा वाचले. सत्तेचाळीस आणि तीन, पन्नास. पन्नास शब्द एका माणसाने तिच्या शब्दाखातर आपल्या पुस्तकातून उपटून टाकले होते, आणि ते असे छापले जाणार होते. पहिल्या आवृत्तीच्या प्रती आता कोणाकडे असतील? पुढे ज्याला कोणाला हे पुस्तक मिळेल, त्याला बांधीत वाळणारे कपडेच मिळणार.

पुस्तकात दिलेला फोन लागत नव्हता. पवनीतल्या कोणत्या छापखान्यात, ते लिहिलेले नव्हते, आणि छापखाने शनिवारी संध्याकाळी बंद झाले होते. रविवारी सकाळी आईच्या डोळ्यात थेंब घालून, आपली खुणांची प्रत पिशवीत टाकून तिने स्कूटी काढली.

आसगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडपा पडल्या होत्या. एका ओळीत, एका मापाच्या, सगळ्यांची लोंबे एकाच दिशेला. तिने गाडी थांबवली नाही, पण वेग कमी केला.

डाकवाले सेलोकर म्हणजे मारोतराव, असे गावात कळले आणि त्यांचे घर लगेच सापडले. अंगणात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मारोतराव सेलोकर आहेत का? मी पवनीहून आले. रुचिता मेश्राम."

बाईंचे हात थांबले. "मेश्राम म्हंजे त्या चुकावाल्या?"

"हो," रुचिता म्हणाली. "त्याच."

"या. बसा." मारोतरावांच्या पत्नी मालनबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि आत तोंड करून हाक मारली, "अवो, या बाहेर! तुमच्या मास्तरीणबाई आल्या!" मग रुचिताकडे वळून त्या म्हणाल्या, "एक सांगा बाई. राग नोका मानू. आमच्या गावात होडी कुठून आणली तुमी? नदी राह्यली तिकडे. इथं पोट्टे होडीत बसून का पोहाले जातेत?"

"चूक झाली माझी."

"मी तं यायले पह्यल्याच दिवशी म्हणलं, थे बाई शिकलेली असन, पण तिनं बोडी पाह्यली नसन. तं मलेच म्हणते, तुले काय समजते."

मारोतराव बाहेर आले. सत्तरीचे, काटकुळे, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. रुचिताला पाहून ते इतके गडबडले की नमस्कार दोनदा केला. भिंतीवर तिच्या लेखाची छापील प्रत फ्रेम करून लावलेली तिला तेव्हाच दिसली.

"मॅडम, तुम्ही स्वतः! निरोप पाठवला असता तं मीच आलो असतो."

"सर, छपाई सुरू झाली?"

"आजच सुरू होऊन राहिली. चंद्रकुमारनं रविवार असून मशीन लावतो म्हणलं."

"थांबवा. त्या चुका नव्हत्या. कडपा, बोडी, पुंजणे. तुमचं बरोबर होतं. मी चुकीचं वाचलं."

मारोतराव खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांना आनंद झाला नाही. उलट ते जरा दुखावल्यासारखे दिसले.

"मॅडम, तुम्ही माझं मन राखाले म्हणून राहिल्या. तुमचं परीक्षण मी शंभरदा वाचलं. पान, ओळ, सगळं अचूक. बाकी सहा चुका तं खऱ्याच निघाल्या न? मंग तीनच कशा खोट्या असतीन? आपण बोलतो थे बोलाले ठीक आहे. पण पुस्तक म्हणजे पुस्तक. उद्या कोणी पुण्याचा माणूस वाचन, त्याले कडपा काय समजन?"

"विचारन थो," मालनबाई म्हणाल्या. "तोंड नाही का त्याले?"

"तू थांब वो."

वर्गात एखाद्या हुशार मुलाने चुकीचे उत्तर ठामपणे दिले की रुचिता त्यालाच प्रश्न विचारी, तसा तिने विचारला.

"सर, कापून, पसरून, वाळत घातलेलं धान, याला छापील मराठीत काय म्हणतात?"

मारोतरावांनी विचार केला. "कापून... वाळत टाकलेलं धान."

"चार शब्द झाले. तुमच्याकडे एक होता. दुसरं सांगते. आम्ही रानातून झाड आणलं की ओळखतक्त्यात बघतो. पानं अशी, फूल असं, मग नाव अमुक. कधीकधी झाड तक्त्यात बसतच नाही. तेव्हा झाडाला चूक म्हणत नाहीत. तक्ता अपुरा आहे असं म्हणतात, आणि तक्त्यात नवीन ओळ घालतात. मी तुमचं पान कापून तक्त्यात बसवलं. असं माझ्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर मी नापास केलं असतं."

मारोतरावांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिले.

"आणि पाटातलं ते कोमट पाणी," ती म्हणाली. "ते तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"माझा बाप पाणकर होता," ते हळू आवाजात म्हणाले. "थो हात घालून सांगे. मले बी घालाले लावे. मी दहा वर्षांचा होतो."

"ते ज्या माणसाला दिसलं त्याचे शब्द तिथे पाहिजेत. माझे नकोत."

मालनबाई उठल्या. त्यांनी दाराआडची काठी आणि टोपी आणून नवऱ्याच्या हातात दिली. "जा. बसा त्यायच्या गाडीवर. मशीन का तुमच्यासाठी थांबून राहणार हाय?" आणि मशीनवाल्याला त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. तो अर्थातच लागला.

चंद्रकुमारचा छापखाना पवनीच्या बाजारातल्या एका बोळात होता. ते पोहोचले तेव्हा पहिला फॉर्म छापून झाला होता. सोळा पाने, पाचशे प्रती, शाई अजून ओली.

"सेलोकरजी, एवढे कागद काय मी आता पतंगाले देऊ?" चंद्रकुमार म्हणाला. तो तरुण होता, चिडका नव्हता, पण रविवार होता. "पुढचे फॉर्म दुरुस्त करून देतो. हा झाला तो झाला."

बाकीचे दुरुस्त करायचे तरी कशावरून? जुन्या फाइलवरच मारोतरावांनी नवे शब्द घातले होते. मूळ फाइल उरलेली नव्हती आणि स्वतःची प्रत मारोतरावांनी खाडाखोड करून काळी केली होती. रुचिताने पिशवीतून आपली प्रत काढली. तिच्या खुणांखाली सगळे मूळ शब्द शाबूत होते. पेन्सिल वापरायचा तिचा नेम एवढ्यापुरता उपयोगी पडला.

त्या तिघांनी दुपारपर्यंत काम केले. ती मूळ वाक्य मोठ्याने वाची, चंद्रकुमार पडद्यावरचे शब्द बदलत असे आणि मारोतराव मान हलवत. सुरुवातीला ते प्रत्येक शब्दापाशी संकोचत होते. 'रोपां'चे पुन्हा पऱ्हे झाले तेव्हा ते म्हणाले, "चालन न, मॅडम?" पंचविसाव्या शब्दापर्यंत त्यांनी विचारणे सोडले होते. चाळिसाव्याला चंद्रकुमारने हात थांबवून विचारले, "सेलोकरजी, पाणी कोमट हाय यावरून खरंच समजते?" आणि मारोतराव त्याला पाणी कसे थांबते, कसे तापते, कोणत्या महिन्यात किती, हे सांगत बसले. डाकघरात चाळीस वर्षे काढलेला माणूस, पण बोलताना त्यांचा उजवा हात नकळत पाण्यात असल्यासारखा हलत होता. रुचिता ऐकत राहिली. तिला वाटले, असे वाचन आपण कधी केले होते? शब्दागणिक थांबून, लिहिणाऱ्याला शेजारी बसवून? एकशे चारांपैकी एकाचेही नाही.

राहिला पहिला फॉर्म. त्यात तीन जागा होत्या. पान नऊवर होडी, पान बारावर 'पाणकर' काढून घातलेला 'पाणीवाटप कर्मचारी' आणि पान चौदावर रोपे.

"शुद्धिपत्र टाकू," चंद्रकुमार म्हणाला. "एक चिठ्ठी छापतो, आतमंदी चिकटवून देऊ. वर 'मुद्रणदोष' लिहितो."

"मुद्रणदोष नाही," रुचिता म्हणाली. "तुमची छपाई बरोबर आहे. लेखकाचं लिहिणंही बरोबर होतं. 'वाचनदोष' लिहा."

"असा शब्द असते का?"

"आज लागतोय. आणि खाली माझं नाव."

"नाही, नाही," मारोतराव म्हणाले. "तुमचं नाव चुकीखाली? माझ्या पुस्तकात? थे मले चालणार नाही, मॅडम."

"नाव नसलं तर वाचक म्हणेल लेखकाचीच चूक."

मारोतराव म्हणाले, "तं मंग माझं बी लिहा. तुम्ही चुकल्या, पण मी मानलं न. सत्तेचाळीस तं माझे आहेत."

चंद्रकुमारने दोन्ही नावे टाइप केली. एवढ्यात मारोतरावांच्या खिशातला फोन वाजला, जो काल दिवसभर बंद होता. मालनबाई होत्या. मारोतरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि झाले ते सगळे सांगितले. चिठ्ठीवर काय लिहिले आहे तेही वाचून दाखवले.

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"आन् मी?"

"तू काय?"

"चुकल्या थे बाई, मानलं तुमी. आन् पह्यल्या दिवशी सांगतलं कोनं? त्याचं कोठी लिवलं नाही?"

चंद्रकुमार हसला. रुचिताही हसली, पण तिने त्याच्याकडून कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला आणि स्वतः ओळ घातली. मग मोठ्याने वाचून दाखवली, "ही चूक सर्वप्रथम श्रीमती मालनबाई सेलोकर, आसगाव, यांच्या लक्षात आली."

"पह्यले आलं पाहिजे थे," फोन म्हणाला. "वरती."

रुचिताने ओळ उचलून सगळ्यात वर नेली.

त्या संध्याकाळी 'शिसपेन्सिल'वर पाच वर्षांनंतरचा पहिला लेख आला. त्यात ती चिठ्ठी होती तशीच होती, आणि तिच्याखाली पाटातल्या कोमट पाण्याचा पूर्ण उतारा, एकही शब्द न बदलता.